मासळीचा मॅनेजर

आमच्या ताकोराडी बंदरात माणूस गेला की घरचे आधी चर्चच्या पाळकाकडे जातात आणि तिथून थेट माझ्याकडे येतात. मार्केट सर्कलच्या मागच्या बोळात माझा छापखाना आहे आणि माझं पोट अंत्यविधीच्या पोस्टरांवर चालतं. वर मेलेल्याचा फोटो, तोही त्याच्या चांगल्या दिवसांतला, आणि खाली घरच्यांची यादी: विधवा, मुलं, भाचे, जावई. नुसती नावं देऊन भागत नाही. प्रत्येकाच्या नावापुढे तो काय करतो आणि कुठे करतो, हे पाहिजेच. भिंतीवरचं पोस्टर वाचणारे मेलेल्याकडे एकदा बघतात आणि यादी बोट ठेवून वाचतात. त्यामुळे दुकानात रडत आलेली माणसंसुद्धा यादीपाशी पोचली की डोळे पुसतात आणि घासाघीस सुरू करतात. ‘टॅक्सी चालवतो असं नको हो मास्टर, ट्रान्सपोर्ट लिहा.’ मी लिहितो. माझं काय जातंय? आजवर मी इतके कन्सल्टंट, डायरेक्टर आणि मॅनेजर छापलेत, की ते सगळे खरे असते तर आमच्या बोळातलं गटार तरी वाहतं झालं असतं.

पण एकोव एसिलफी हा माझ्या दुकानात तयार झालेला मॅनेजर नव्हे. त्याला त्याच्या मालकानं मॅनेजर केला, हे आधीच सांगून ठेवतो.

एकोव माझा शेजारी. आमच्या खोल्या एकाच अंगणाभोवती आहेत, नळ एक आणि भांडणंही सामाईक. माणूस आडदांड, पण स्वभाव असा की विनोद ऐकला की आधी हसतो आणि कळतो त्याला नंतर. तो ‘ग्रेस अँड ग्लेशिअर’ कोल्ड स्टोअरमध्ये गोठवलेल्या बांगड्यांची खोकी उचलायचा. संध्याकाळी लिंबू चोळचोळून आंघोळ करायचा, तरी बोळातली मांजरं त्याच्या मागे मागे घरापर्यंत येत. बंदरातून कंटेनर कधी येईल ह्याला काही धरबंध नसतो, आणि आला की मासळी वितळायच्या आत रिकामा करावा लागतो. त्यामुळे एकोवला वरचेवर थांबावं लागे. पण थांबलेल्या तासांचे पैसे शुक्रवारी पाकिटातून वेगळे मिळत, आणि त्या पाकिटावर त्याच्या बायकोची, अराबाची, नजर असे. तेल, मुलींचे बूट, चर्चची वर्गणी, सगळं त्यातून निघायचं. अराबा केंकी, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकते आणि तिची जीभ तिच्या मिरचीपेक्षा तिखट आहे.

मालकाचं नाव डॉक्टर जोसाया क्वायसन. डॉक्टर कशाचे, असं विचारायचं नसतं. कुठल्याशा बायबल कॉलेजाकडून ती पदवी टपालानं आली होती आणि तिची फ्रेम मीच करून दिली होती. कोल्ड स्टोअरमध्ये दर सोमवारी सकाळी प्रार्थना होते. एका सोमवारी आमेन म्हणून झाल्यावर डॉक्टरांनी डोळे उघडले नाहीत. सगळे ताटकळत उभे राहिले.

“काल रात्री मला दृष्टान्त झाला,” डॉक्टर डोळे मिटूनच म्हणाले. “देव मला म्हणाला, जोसाया, तुझ्या घरात हमाल का आहेत? माझ्या लेकरांना तू खाली का ठेवलंस? आजपासून इथं हमाल कुणी नाही. आजपासून तुम्ही सगळे मॅनेजर!”

टाळ्या झाल्या, एक-दोघी रडल्या. झाडूवाली एन्व्हायर्नमेंट मॅनेजर झाली. गल्ल्यावरची बाई फायनान्स मॅनेजर झाली. वॉचमन सिक्युरिटी मॅनेजर झाला आणि आनंदाच्या भरात गेट उघडं टाकून मिठ्या मारायला आत आला. एकोव झाला मासळी विभागाचा मॅनेजर. प्रत्येकाला छातीवर लावायला नावाची पट्टी मिळाली आणि पुरुषांना टाय.

शुक्रवारी पाकीट आलं नाही. एकोवनं विचारलं तेव्हा डॉक्टरांनी प्रेमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“मॅनेजर, घड्याळाकडे बघतो तो हमाल. मॅनेजरला कुठलं आलंय घड्याळ?”

एकोव हसला. हा विनोद आहे असं त्याला वाटलं.

टायचं सांगायचं राहिलं. कोल्डरूममध्ये टाय ही वस्तू काही टिकत नाही. पहिल्याच दिवशी खोकी लावताना त्याच्या टायला ओल लागली आणि तो बर्फासारखा ताठ झाला. दुसऱ्या दिवशी टायचं टोक एका खोक्याच्या बर्फात चिकटलं. एकोव वाकला तो वाकलेलाच राहिला. शेवटी गल्ल्यावरच्या फायनान्स मॅनेजरनं गरम पाण्याची किटली आणून त्याला सोडवला. मी म्हटलं, अरे, काढून ठेव तो गळफास. तर म्हणाला, “नाही मास्टर, टायशिवाय लोकांना कसं कळणार?” त्याला टाय कशासाठी हवा होता ते मला माहीत होतं. तो त्याला सासरसाठी हवा होता.

अराबाचं माहेर शामा गावचं. आमच्या फांटे लोकांत घर चालतं ते मामाच्या शब्दावर, आणि त्या घराचे कर्ते होते अराबाचे वोफा, म्हणजे मामा, बाइदू. सॉ मिलमधून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झालेले, इस्त्रीचा सदरा घालणारे आणि कमी बोलणारे गृहस्थ. अराबानं खोकी उचलणाऱ्याशी लग्न केलं हे त्यांना कधी पचलं नाही. त्यांनी एकोवचा अपमान कधी केला नाही, फक्त त्याचं नाव कधी घेतलं नाही. घरात काही कार्य असलं की बाकीचे जावई मांडवात बसत आणि एकोवला मागे पाण्याच्या पिंपाशी कुणीतरी काम लावून देई. त्यालाही ते समजत होतं. घरी परतल्यावर तो त्या दिवशी जास्त हसायचा, आणि ते बघवत नसे.

मग अराबाची मोठी मावशी गेली आणि पोस्टरची यादी घेऊन वोफा बाइदू स्वतः माझ्या दुकानात आले. मुलं, भाचे, नातवंडं झाली. जावयांपाशी आल्यावर त्यांनी घसा साफ केला.

“लिहा. श्री. एकोव एसिलफी. मॅनेजर, ग्रेस अँड ग्लेशिअर, ताकोराडी.”

“ठळक अक्षरात?” मी विचारलं.

“मॅनेजर ठळक,” वोफा म्हणाले. “बाकी राहू द्या साधं.”

पोस्टर वाळत घातलं होतं तेव्हा एकोव कामावरून येताना दुकानात शिरला. शाई ओली आहे, हात लावू नकोस, म्हणून मी ओरडलो. तो नुसता बघत उभा राहिला. एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे भरून आलेले पाहून मीच दुसरीकडे बघून मशीन पुसायला लागलो.

अंत्यविधीला त्याला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली; मी मागे बसलो होतो. पण आमच्याकडे पहिल्या रांगेतली खुर्ची फुकट मिळत नाही. कोण किती देतं ते लाउडस्पीकरवर पुकारतात, आणि देणाऱ्यानं आपल्या हुद्द्याला शोभेल इतकं द्यायचं असतं. जो तो कान टवकारून आकडे ऐकत असतो. एकोवनं माझ्याकडून, शिंप्याकडून आणि चर्चच्या खजिनदाराकडून उसने घेऊन नोटांची घडी नेली होती. पुकारणाऱ्यानं ती उलगडली, मोजली, परत मोजली आणि माइकवरच विचारलं, “मॅनेजरसाहेब, ही पहिली खेप का?”

सगळा मांडव खो खो हसला. एकोवही हसला, आणि मग त्याला कळलं. तो उठून आणखी पैशांसाठी परत माझ्याकडे आला आणि मला माझ्या परतीच्या ट्रोट्रोच्या, त्या खच्चून भरणाऱ्या व्हॅनच्या, भाड्याचे पैसेही काढून द्यावे लागले. येताना आम्ही एका मासळीच्या टेम्पोत उभे राहून आलो. अर्थातच तिथे त्याला कुणी मॅनेजर म्हटलं नाही.

त्यानंतर घरात ठिणग्या उडू लागल्या. पाकीट बंद, उसनवारी डोक्यावर आणि कंटेनर वाढलेले. घड्याळ नसलेले मॅनेजर फुकटात मिळत असताना डॉक्टर कशाला हात आखडता घेतील? एकोव अंधार पडल्यावर घरी येऊ लागला, आणि कधी कधी तर जेवणाच्या ताटाशीच त्याचा डोळा लागे.

“मी हमालाशी लग्न केलं तेव्हा घरात तेल होतं,” अराबा अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. “मॅनेजर आला आणि तेल गेलं! बाजारात माझ्या शेजारी बसणारा इब्राहिम सांगत होता, सेकोंडीच्या लेबर ऑफिसात बाई बसतात, त्या असल्यांना सरळ करतात. जा तिथं.”

“आणि काय सांगू? मी मॅनेजर नाही म्हणून?”

“नाहीयेसच ना तू!”

“ते तुला माहीत आहे ग. शामाला माहीत नाही.”

यावर अराबानं कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर मलाही त्याचा राग यायचा. एवढं हरभऱ्याच्या झाडावर चढवलेलं दिसतंय, खाली उतरायची शिडीही समोर आहे, आणि हा वर बसून पानं मोजतोय! पण मग मला ते पाण्याचं पिंप आठवे आणि माझा राग ओसरे.

शेवटी त्याला खाली उतरवलं ते डॉक्टरांनीच. त्याच्या थोरल्या मुलीचं चर्चमध्ये कन्फर्मेशनचा विधी होता, रविवारी. नेमका त्या रविवारी कंटेनर येणार होता. एकोव सुट्टी मागायला गेला.

“मॅनेजर सुट्टी मागत नसतो,” डॉक्टर म्हणाले. “मॅनेजर निर्णय घेतो.”

एकोवनं रात्रभर विचार केला आणि निर्णय घेतला. मासळी विभागाचा मॅनेजर या नात्यानं त्यानं मासळी विभागातल्या एकमेव माणसाला सुट्टी मंजूर केली. टाय लावून चर्चमध्ये गेला. मुलगी पांढऱ्या झग्यात इतकी गोड दिसत होती की हा पठ्ठ्या भजनाच्या मधेच टाळ्या वाजवायला लागला.

महिनाअखेरीला डॉक्टरांनी त्या दिवसाचा पगार कापला.

त्या संध्याकाळी एकोव माझ्या दुकानात येऊन बाकावर बसला. मग म्हणाला, “मास्टर, जास्त थांबलो की मी मॅनेजर, म्हणून पैसे नाहीत. एक दिवस गेलो नाही की मी हमाल, म्हणून पैसे कापले. म्हणजे मी नक्की कधी कोण आहे, हे डॉक्टर ठरवणार?”

मी हसायच्या तयारीत होतो, कारण वाक्य हसण्यासारखं होतं. पण तो हसत नव्हता. दुसऱ्या दिवशी तो अराबाला घेऊन सेकोंडीला गेला.

लेबर ऑफिसातल्या बाईंचं नाव मॅडम सेनाम. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज हळू, आणि समोरचा बोलत असताना एकटक बघायची सवय. ती सवय भल्याभल्यांना जड जाते. त्यांनी दोन्ही बाजूंना एका सकाळी बोलावलं. डॉक्टरांनी उत्तरात पोस्टरचा दाखला दिला होता, आणि ते माझ्या छापखान्यातलं, म्हणून मलाही बोलावणं आलं. आम्ही तिघं बाकावर बसलो होतो, तेवढ्यात बाहेर डॉक्टरांचा पिकअप थांबला. एका दारातून डॉक्टर उतरले आणि दुसऱ्या दारातून, इस्त्रीच्या सदऱ्यात, वोफा बाइदू.

एकोवचा चेहरा पांढरा पडायचा बाकी राहिला. “मी घरी जातो,” तो म्हणाला आणि खरोखरच उठला. अराबानं त्याचा शर्ट मागून धरला म्हणून तो खाली बसला.

डॉक्टर तयारीनं आले होते. साक्षीला वोफांना आणि पुरावा म्हणून कोल्ड स्टोअरशेजारच्या भिंतीवरचं पोस्टर उपटून आणलं होतं, मागे चुन्याचे पोपडे तसेच. त्यांनी ते मॅडमच्या टेबलावर पसरलं आणि टेबलभर भिंत सांडली.

“मॅडम, हा माणूस माझ्या कंपनीचा कणा आहे,” डॉक्टरांनी सुरुवात केली. “माझा उजवा हात! याच्या शब्दावर माझ्याकडची मासळी हलते.”

“याच्या खांद्यावर हलते,” अराबा म्हणाली. “शब्दावर नाही.”

“असा कर्तबगार, असा करारी मॅनेजर अख्ख्या पश्चिम विभागात...”

“करारी? हा? मॅडम, आमच्या घरची कोंबडी याचं ऐकत नाही. हा हुश म्हणाला तर ती जवळ येते.”

“अराबा, एवढं नको ग,” एकोव पुटपुटला.

“तू गप. तुला हक्काचे पैसे हवेत का इज्जत?”

“दोन्ही,” एकोव हळूच म्हणाला.

मॅडम सेनामनी चष्मा काढून पुसला. असला दरबार मी आयुष्यात पाहिला नव्हता. ज्यानं त्याला लुबाडलं तो त्याची आरती ओवाळत होता, आणि जी त्याच्यासाठी भांडत होती ती त्याची भरल्या ऑफिसात लक्तरं काढत होती. बिचारा एकोव डॉक्टरांचं बोलणं ऐकून सुखावत होता आणि बायकोचं ऐकून खचत होता.

“या मासळी विभागात लोक किती?” मॅडमनी डॉक्टरांना विचारलं.

“एसिलफी आहे.”

“आणखी?”

“विभाग लहान आहे, मॅडम. पण वाढीला वाव आहे.”

“तुमच्याकडे मॅनेजर नसलेलं कुणी आहे का?”

डॉक्टरांनी छताकडे बघून आठवायचा प्रयत्न केला. “ड्रायव्हर नाही,” ते म्हणाले. मग त्यांनाच आठवलं. “तो डायरेक्टर आहे.”

तेव्हा वोफा बाइदू काठी टेकून उठले. “मॅडम, हे पोस्टर मी स्वतः सांगून छापून घेतलंय. आमच्या घराण्याच्या पोस्टरवर खोटं छापलं जात नाही. आमचा जावई मॅनेजर आहे. पुकारा झालाय तसा, चारचौघांत.”

मॅडमनी माझ्याकडे मान वळवली. “तुम्ही छापता. नावापुढचे हुद्दे तपासून घेता?”

“मॅडम,” मी म्हटलं, “मेलेला खरंच मेलाय का, हेसुद्धा मी तपासत नाही.”

“हे इथं कन्सल्टंट, तेमा, असं लिहिलंय. हे गृहस्थ काय करतात?”

तो वोफांचाच मुलगा. तेमाच्या स्टँडवर छत्रीखाली बसून फोनची रिचार्ज कार्डं विकतो. वोफा माझ्याकडे बघत होते, आणि मला पुढेही शामाची पोस्टरं छापायची होती.

“सल्ला देतात, मॅडम,” मी म्हटलं.

मॅडमनी पोस्टर बाजूला सारलं, टेबल हातानं झाडलं आणि एकोवकडे बघितलं. ते त्यांचं एकटक बघणं. “डॉक्टर काय म्हणतात ते ऐकलं, तुमच्या बायकोचंही ऐकलं. आता तुम्हीच सांगा. तुम्ही काम काय करता?”

एकोव उभा राहिला. त्यानं टाय नीट केला. बघितलं मात्र वोफांकडे. वोफा त्याच्याकडे रोखून बघत होते. त्या वेळी मला स्वच्छ दिसलं की तो डॉक्टरांच्या बाजूनं बोलणार. मासळी विभाग सांभाळतो म्हणणार, घरी जाणार, आणि जन्मभर फुकटात कंटेनर उतरवत राहणार. आणि एवढं सगळं कशासाठी, तर शामाच्या मांडवातल्या एका खुर्चीसाठी! मला ओरडावंसं वाटलं.

“मी मासळी...” तो म्हणाला आणि थांबला. मग एकदम म्हणाला, “मी खोकी उचलतो, मॅडम. कंटेनरमधून काढतो, आत लावतो, गिऱ्हाईक आलं की परत बाहेर काढतो. एक दिवस गेलो नाही की डॉक्टरसाहेब पैसे कापतात. मी कुणाला घरी पाठवू शकत नाही. मला स्वतःलासुद्धा नाही, ते मी करून बघितलं. मॅनेजर म्हटलेलं मला आवडत होतं. फार आवडत होतं, खोटं कशाला बोलू? सासरी पुढं बसायला मिळायचं. पण मी मॅनेजर नाही.” मग तो वळला. “वोफा, तुम्हाला इथं चारचौघांत मान खाली घालायला लावली. मला माफ करा.”

अराबा, जी सकाळपासून तोंडाचा पट्टा सोडून बसली होती, तिनं पदरासारखं ओढून घेतलेलं कापडाचं टोक तोंडावर धरलं आणि ती ढसाढसा रडली.

पुढचं आधी सांगून टाकतो. मॅडमनी निकाल सरळ दिला: माणूस कोण हे त्याच्या कामावरून ठरतं, छातीवरच्या पट्टीवरून नाही. एकोवचे जास्तीच्या तासांचे सगळे मागचे पैसे द्या, कापलेला दिवस द्या, आणि बाकीच्यांचंही मी येऊन बघणार आहे. डॉक्टर भयंकर चिडले. पुढच्या सोमवारी प्रार्थनेनंतर त्यांनी सगळ्यांना एका दमात खाली उतरवलं, आणि शिक्षा म्हणून उतरवलेले ते सगळे लोक इतक्या जोरात टाळ्या वाजवायला लागले की डॉक्टर बघतच राहिले. अपवाद झाडूवालीचा. तिनं माझ्याकडून व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली होती, त्यामुळे ती अजून एन्व्हायर्नमेंट मॅनेजर आहे, पण ओव्हरटाइम घेऊन.

तर त्या सकाळी आम्ही ऑफिसाच्या पायऱ्या उतरलो. डॉक्टरांनी पिकअप सुरू केला आणि वोफांसाठी दार उघडून हॉर्न वाजवला. वोफांनी हातानंच त्यांना जा म्हणून सांगितलं. पिकअप धूळ उडवत गेला. समोर नारळवाला होता. वोफा त्याच्या बाकावर बसले. आम्ही तिघं उन्हात उभे राहिलो, कारण कर्ता माणूस बसलेला असताना आणि रागावलेला असताना काय करायचं ते कुणालाच सुचेना.

“सॉ मिलमध्ये मला सुपरिंटेंडेंट केलं तेव्हा एक शिट्टी दिली,” वोफा म्हणाले. ते रस्त्याकडे बघत होते. “बाकी काम तेच. ओंडके मोजायचे. सकाळचे, संध्याकाळचे, आणि लॉरी उशिरा आली की उशिराचे. त्या उशिराचे पैसे मात्र त्या दिवसापासून बंद. सुपरिंटेंडेंटला ते शोभत नाही म्हणाले. मी घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बायको म्हणाली असती, मग ही बढती कसली? म्हणून मी म्हटलं, पगार वाढला, पण तो मी बँकेत ठेवतो. ती बिचारी मरेपर्यंत त्या बँकेच्या भरवशावर होती.”

अराबानं तोंडावर हात ठेवला.

“वोफा,” एकोव म्हणाला, “माझा राग नाही ना आला?”

“आला. तू उभा राहून बोललास ना, तेव्हा फार आला. तू भरल्या ऑफिसात म्हणून गेलास आणि मला घरातल्या बाईला सांगता आलं नाही.”

नारळवाल्यानं चार नारळ सोलले, पण कुणी हात लावला नाही. जरा वेळानं वोफांनी ऑफिसाच्या दाराकडे मान वळवली.

“ती बाई माझंही लिहून घेईल का?”

“वोफा, मिल बंद पडली हो कधीची,” अराबा रडत रडत म्हणाली. “मालकही गेला. पैसे कोण देणार तुम्हाला?”

“पैसे कोण मागतंय? तिनं याला विचारलं, तुम्ही काम काय करता. मला आजपर्यंत कुणी विचारलंच नाही.”

ते उठले. एकोवनं पुढं होऊन दंडाला हात दिला आणि वोफांनी तो झिडकारला नाही. आम्ही पुन्हा पायऱ्या चढलो. मॅडम सेनाम जेवणासाठी टेबल आवरत होत्या. त्यांनी एकदा वोफांकडे पाहिलं, डबा बाजूला ठेवला आणि खुर्ची पुढं सरकवली.

“बसा, पापा. तुम्ही काय काम करत होतात?”

वोफा बाइदू खुर्चीत बसले, त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली आणि म्हणाले, “ओंडके मोजत होतो, मॅडम.”